'गॉस्फर्ड पार्क'मधील खून आणि नोकरांची पंगत

संथवाचक :

रॉबर्ट ऑल्टमन यांचा २००१ सालचा 'गॉस्फर्ड पार्क' हा चित्रपट नुकताच पाहिला आणि काही प्रश्न पडले, म्हणून हा धागा काढत आहे. पुढे खुनाचा उलगडा उघडपणे येणार असल्यामुळे ज्यांना चित्रपट कोऱ्या मनाने पाहायचा आहे त्यांनी येथेच थांबावे.

नोव्हेंबर १९३२ मध्ये सर विल्यम मॅककॉर्डल या धनाढ्य बॅरोनेटच्या खेड्यातील हवेलीवर तित्तरवर्गीय पक्ष्यांच्या शिकारीसाठी पाहुणे जमतात. प्रत्येक बड्या पाहुण्याबरोबर त्याचा नोकर किंवा तिची दासी येते, वर उमरावांचे आणि तळघरात नोकरचाकरांचे अशी दोन बिऱ्हाडे एकाच छपराखाली सुरू होतात आणि शिकारीच्या दिवशी रात्री यजमान आपल्या अभ्यासिकेत मेलेले आढळतात. छातीत सुरी खुपसलेली आहे, परंतु त्याआधीच त्यांना विष दिले गेले होते. एवढी सामग्री हाती असताना खून व्हायला निम्म्याहून अधिक चित्रपट उलटतो, स्टीफन फ्राय यांनी रंगवलेला इन्स्पेक्टर थॉम्पसन तर निव्वळ विदूषक वाटतो, आणि शेवटी खरे काय घडले ते एका तरुण दासीला कळते व ती ते कोणालाही सांगत नाही. रहस्यपट म्हणून पाहायला बसलेल्या प्रेक्षकाची ही फसवणूक नाही का?

दुसरा प्रश्न नोकरांविषयी आहे. बाहेरून आलेल्या नोकरांना तळघरात त्यांच्या स्वतःच्या नावाने हाक मारत नाहीत, मालकाच्या नावाने मारतात. काउंटेस ऑफ ट्रेंटहॅम यांची दासी मेरी ही तेथे 'मिस ट्रेंटहॅम' होते आणि लॉर्ड स्टॉकब्रिज यांचा नोकर रॉबर्ट पार्क्स 'मिस्टर स्टॉकब्रिज' होतो. जेवणाच्या टेबलावरसुद्धा ज्याच्या मालकाचा हुद्दा मोठा त्याची खुर्ची वरची. हे खरोखर असे होते की पटकथालेखक ज्युलियन फेलोज यांनी उपहासासाठी केलेली अतिशयोक्ती आहे?

आणखी एक तक्रार म्हणजे या चित्रपटात सगळे जण एकाच वेळी बोलतात. सबटायटल लावूनही अर्धे बोलणे निसटते. याच पटकथेला ऑस्कर मिळाले हे वाचून तर मी अधिकच बुचकळ्यात पडलो आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मागचीरांग :

तुमची शेवटची तक्रार मी आधी घेतो, कारण बाकीच्या प्रश्नांची किल्ली तेथेच आहे. एकमेकांवर चढणारे संवाद ही ऑल्टमन यांची जुनीच सवय आहे. 'मॅश' आणि 'नॅशव्हिल' पाहिलेल्यांना ती परिचित असेल. येथे त्यांनी जवळपास प्रत्येक नटाला स्वतंत्र मायक्रोफोन लावला आणि दोन कॅमेरे सतत सरकते ठेवले, त्यामुळे आपण या क्षणी चौकटीत आहोत की नाही हे कोणत्याच नटाला नक्की ठाऊक नसे आणि सर्वांना सर्व वेळ भूमिकेत राहावे लागे. परिणाम असा होतो की दिवाणखान्यातले बोलणे आपल्याला तुकड्यातुकड्यांनी ऐकू येते, म्हणजे ट्रे घेऊन खोलीत शिरलेल्या आणि दोन मिनिटांत बाहेर पडणाऱ्या नोकराला जेवढे ऐकू येईल तेवढेच. आपण उमरावांचे पाहुणे नसून त्यांच्या नोकरांपैकी एक आहोत, ही जागा दिग्दर्शकाने आपल्याला पहिल्या दृश्यातच नेमून दिली आहे.

ते पहिले दृश्य पुन्हा पाहा. धो धो पाऊस पडतो आहे, काउंटेसची मोटार निघते आणि थोड्या वेळाने रस्त्यात थांबते, कारण बाईंना थर्मासचे झाकण उघडता येत नाही. पुढे बसलेली मेरी खाली उतरते, भिजत मागच्या दाराशी येते आणि झाकण उघडून देते. काउंटेस झालेल्या मॅगी स्मिथ यांच्या चेहऱ्यावर यात काही गैर घडते आहे अशी पुसटशी छटाही नाही. तेवढ्यात मागून दुसरी मोटार येऊन थांबते. तिच्यात गायक-नट आयव्हर नोव्हेलो, हॉलिवूडचा निर्माता वाइसमन आणि त्याचा नोकर डेंटन बसलेले आहेत. त्या थांबलेल्या दोन मोटारींत सबंध चित्रपटाची मांडणी होऊन जाते, आणि कॅमेरा मात्र चहा पिणाऱ्या बाईपेक्षा भिजणाऱ्या मुलीत जास्त रस घेतो.

या चित्रपटाने एक बंधन कसोशीने पाळले आहे, ते म्हणजे वरच्या मजल्यावरचा प्रसंग नोकराच्या उपस्थितीवाचून सहसा घडू द्यायचा नाही. कोणी पेला भरत असतो, कोणी शेकोटी सारखी करत असते, कोणी दाराशी नुसता उभा असतो. उमराव त्यांच्या देखत पैशांच्या कटकटी, लग्नातले कलह, लफडी असे काहीही बोलतात, कारण त्यांच्या लेखी त्या खोलीत दुसरे कोणी नसतेच. याउलट तळघरात कोणतीच गोष्ट लपून राहत नाही. इस्त्रीच्या खोलीत, बुटांच्या खोलीत, स्वयंपाकघरात वरच्या घराची खडान्‌खडा माहिती आहे. मग खुनाचे उत्तर कोठे सापडणार, हे वेगळे सांगायला हवे का?

म्हणूनच इन्स्पेक्टर थॉम्पसन विदूषक आहे. त्याचा कॉन्स्टेबल डेक्स्टर त्याला एकेक पुरावा दाखवू पाहतो आणि साहेब ऐकत नाहीत, हा विनोद तर आहेच, परंतु खरा चिमटा पुढे आहे. नोकरांच्या चौकशीत आपल्याला रस नाही, मृताशी ज्यांचा खरा संबंध होता अशांनाच आपण विचारणार, असे तो स्वच्छ सांगतो. ते तो हाऊसकीपर मिसेस विल्सनच्या समोर सांगतो का, हे मला या क्षणी खात्रीने आठवत नसले तरी सर विल्यमशी सर्वांत खोल संबंध कोणाचा होता हे आपल्याला शेवटी कळते, तेव्हा ते वाक्य सुरीपेक्षा खोल जाते. फ्राय यांचा अभिनय बाकी चित्रपटाच्या सुरात बसत नाही, हे मात्र मलाही मान्य आहे. तेवढाच एक वेगळ्याच प्रहसनातून आल्यासारखा वाटतो.

आणि फसवणुकीचे म्हणाल, तर ऑल्टमन फसवत नाहीत, उलट उत्तर डोळ्यांसमोर ठेवतात. तळघराच्या दृश्यांत कॅमेरा वारंवार 'विष' असे लिहिलेल्या बाटल्यांवर रेंगाळतो. पाहणाऱ्याला ते खोडसाळ वाटते, कारण त्या बाटल्या धुण्यापुसण्याच्या आणि उंदीर मारण्याच्या सामानात उघड्यावर ठेवलेल्या असतात आणि त्यांच्याशी रोज व्यवहार असणाऱ्यांकडे संशयाने पाहायचे कोणाच्याच मनात येत नाही.

जुनीबखर :

मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. मालकाच्या नावाने हाक मारण्याची पद्धत काल्पनिक नाही. मोठ्या हवेल्यांत शिकारीच्या मोसमात एका वेळी डझनभर पाहुणे आणि तितकेच परके नोकर मुक्कामाला असत, त्या सर्वांची नावे ध्यानात ठेवण्यापेक्षा मालकाच्या नावाने ओळखणे यजमानाच्या नोकरवर्गाला सोयीचे पडे, आणि वरच्या पंगतीचा मानापमान खालच्या पंगतीत जसाच्या तसा उतरे. किंबहुना अनेक घरांत तळघर हे दिवाणखान्यापेक्षा अधिक कर्मठ असे. बटलर, हाऊसकीपर, मालकाची खास चाकरी करणारा व्हॅले आणि बाईसाहेबांची खास दासी हे वरचे नोकर, आणि फुटमन, हाऊसमेड, किचनमेड हे खालचे. काही घरांत फुटमनचे खरे नाव काहीही असो, त्याला जेम्स किंवा जॉन असेच म्हणत, म्हणजे माणूस बदलला तरी हाक मारणाऱ्याला त्रास नको.

चित्रपटाने हे सारे अंदाजाने रचलेले नाही. त्या काळात प्रत्यक्ष चाकरी केलेले आर्थर इंच हे बटलर, रूथ मॉट या स्वयंपाकीण आणि व्हायोलेट लिडल या दासी असे तीन वृद्ध सल्लागार चित्रीकरणाच्या वेळी मदतीला होते. चांदीची भांडी कशी मांडायची, बशी कोणत्या बाजूने पुढे करायची, कोणी कोठे उभे राहायचे हे त्यांच्याकडून आलेले आहे. बाहेरून दिसणारी हवेली आणि तिचे मोठे दिवाणखाने हे हर्टफर्डशरमधील रॉथम पार्क येथील आहेत, वरच्या काही शयनगृहांसाठी लंडनजवळचे सायन हाऊस वापरले आणि तळघराचा संपूर्ण भाग शेपर्टन स्टुडिओत उभारला. (जाता जाता, रॉथम पार्क हे ॲडमिरल जॉन बिंग याने बांधून घेतले, आणि मिनॉर्का बेट राखण्यात कसूर केली म्हणून १७५७ साली त्याच्याच आरमाराने त्याला गोळ्या घातल्या, त्यामुळे त्या घराचे सुख त्याला फारसे लाभलेच नाही.)

आता काळाविषयी. १९३२ हे साल नीट विचार करून निवडलेले आहे. आपल्याला वाटते की पहिल्या महायुद्धानंतर नोकरचाकरांचा हा डोलारा कोसळला असेल, परंतु १९३१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रिया तेरा लाखांहून अधिक होत्या. त्यातल्या बहुतेक जणी हवेलीत नव्हे, तर मध्यमवर्गीय घरांत एकट्यादुकट्या राबत होत्या हे खरे, तरीही मंदीच्या त्या वर्षांत घरकाम हाच गरीब मुलींपुढचा मुख्य मार्ग होता. खाजगी घरकामाला बेकारी विम्याचे संरक्षण नव्हते. नोकरी सोडताना मालकिणीने चांगल्या वर्तनाचे पत्र दिले नाही तर पुढची जागा मिळणे दुरापास्त होई. जेवणाच्या टेबलाशी वाढत असताना एल्सी ही मुख्य हाऊसमेड सर विल्यमची बायको लेडी सिल्व्हिया हिच्या तोंडून सर विल्यमची निंदा ऐकून भान हरपते आणि त्यांची बाजू घेत त्यांना 'बिल' म्हणते, तेव्हा सबंध खोली गोठते. तेथे नुसते गुपित फुटलेले नाही. त्या एका शब्दासरशी त्या मुलीची नोकरी, निवारा आणि शिफारसपत्र अशा तिन्ही गोष्टी गेल्या आहेत, आणि हे तिला स्वतःलाही त्याच क्षणी कळते.

पुरुष नोकर ही तर उघड मिरवण्याची गोष्ट होती. अमेरिकेतील युद्धाचा खर्च भागवण्यासाठी १७७७ साली पुरुष नोकरांवर कर बसवला गेला आणि तो थेट १९३७ सालापर्यंत चालू राहिला. म्हणजे सर विल्यमच्या दारात उंचापुरा फुटमन उभा दिसतो, तो पगारावर अधिक करावर पोसलेला आहे, आणि पाहुण्यांना तेच दिसावे अशी अपेक्षा आहे.

परंतु माझ्या मते या चित्रपटाचा गाभा वर-खाली या भेदाच्याही पलीकडे आहे. कोण कोणाच्या जिवावर जगतो, हा तो प्रश्न आहे. सर विल्यम हा जुन्या घराण्याचा उमराव नाही, त्याचा पैसा कारखान्यांचा आहे. घराणे आहे ते त्याच्या बायकोचे, ती अर्लची मुलगी. १८७० नंतर अमेरिकेचे स्वस्त धान्य इंग्लंडमध्ये येऊ लागले, शेतजमिनीचे खंड घसरले, १८९४ मध्ये वारसा कराची नवी व्यवस्था आली आणि १९१९ मध्ये वीस लाख पौंडांवरच्या इस्टेटीला तो चाळीस टक्क्यांवर गेला. जमिनीवर जगणाऱ्या घराण्यांना तेव्हापासून बाहेरचा पैसा लागू लागला, मग तो अमेरिकन वारसदारणीचा असो की देशी कारखानदाराचा. १८९५ मध्ये ड्यूक ऑफ मार्लबरोने कॉन्स्वेलो व्हँडरबिल्टशी केलेले लग्न हे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण.

हे ध्यानात घेऊन गॉस्फर्ड पार्कमधील पाहुणे पुन्हा मोजून पाहा. काउंटेस सर विल्यमकडून मिळणाऱ्या वार्षिक नेमणुकीवर जगते आणि ती बंद होईल या धास्तीत आहे. साडू मेरेडिथ याचा धंदा सर विल्यमच्या भांडवलावाचून बुडणार आहे. फ्रेडी नेस्बिट यजमानाच्या मुलीला धमकावून बापाकरवी नोकरी मागतो, आणि ज्या बायकोच्या पैशासाठी त्याने लग्न केले ती मेबल बिनादासीची, दोन्ही रात्री तोच पोशाख घालून आलेली, सर्वांच्या टोमण्यांचा विषय झाली आहे. हे सगळे आश्रितच आहेत. फरक इतकाच, की तळघरातले आश्रित दिवसाला सोळा तास काम करतात आणि वरचे आश्रित विकतचा मार्मालेड वाढला म्हणून नाक मुरडतात. (काउंटेस अंथरुणात बसून न्याहारी करताना बाटलीतला मार्मालेड पाहून ज्या कीव आलेल्या स्वरात बोलते, त्या स्वराला माझ्या मते वेगळा ऑस्कर द्यायला हवा होता. नामांकन मॅगी स्मिथ आणि हेलन मिरेन या दोघींनाही होते, मिळाले कोणालाच नाही. चित्रपटाच्या सात नामांकनांपैकी फक्त पटकथेचे पारितोषिक पदरात पडले.)

संथवाचक :

दोघांचेही आभार. आश्रितांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, आणि आता मेबलचे दृश्य आठवून वाईट वाटते आहे. तरीही एक शंका उरते. मिसेस विल्सन आपल्याच मुलाला, म्हणजे सर विल्यमपासून झालेल्या पार्क्सला, खुनी होण्यापासून वाचवण्यासाठी आधी विष देते, म्हणजे त्याने खुपसलेली सुरी प्रेताला लागावी. हा उलगडा भावनिकदृष्ट्या ठीक आहे, परंतु हरवलेला मुलगा, अनाथाश्रम, आईचा फोटो हे सारे जुन्या नाटकांतले नाही का? एवढ्या संयत चित्रपटाला हे शोभते का?

उंबरठा :

मी येथे विरोधी सूर लावतो, कारण धाग्यात कौतुक अंमळ जास्त होत आहे.

संथवाचक यांची शंका योग्य आहे. सर विल्यम कारखान्यातील मुलींना नादी लावी, मुले झाली की चांगल्या घरी दत्तक देतो असे सांगून ती अनाथाश्रमात टाके, आणि ज्या मुलींना मूल सोडायचे नसे त्यांची नोकरी जाई, ही पार्श्वकथा ऐतिहासिकदृष्ट्या अशक्य नाही. परंतु ती आली की मालकवर्गाचा सारा दोष एका लंपट माणसाच्या माथी जातो. हवेलीची व्यवस्था निर्दोष सुटते. सर विल्यम सज्जन असता तर तळघरातले जगणे न्याय्य ठरले असते काय? चित्रपट हा प्रश्न विचारण्याच्या अगदी जवळ येतो आणि मग खुनी शोधायला निघून जातो.

पटकथालेखक कोण आहेत हेही पाहावे. फेलोज यांना त्या जगाची आतून माहिती आहे आणि त्या जगाबद्दल ओढही आहे. याच चित्रपटाचे एक उपकथानक म्हणून ज्या मालिकेची कल्पना सुरू झाली ती 'डाउनटन ॲबी' २०१० मध्ये आली, आणि तिच्यात मालक इतके कनवाळू झाले की नोकरांना तक्रारीला जागाच उरली नाही. २०११ मध्ये फेलोज स्वतः हुजूर पक्षातर्फे हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये बसले. 'गॉस्फर्ड पार्क'मध्ये जी धार आहे ती मी कॅन्सस सिटीत जन्मलेल्या ऑल्टमन यांच्या खात्यावर टाकतो. हवेली पाहून हरखून जायचे नाही, हा परक्याचा गुण आहे.

नोकराची चाकरी त्याच्या आत काय करते, हे पाहायचे असेल तर मी १९९३ च्या 'द रिमेन्स ऑफ द डे'कडे बोट दाखवीन. काझुओ इशिगुरो यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट जेम्स आयव्हरी यांनी दिग्दर्शित केला आणि त्याच्या निर्मात्यांत आपल्या मुंबईत जन्मलेले, झेवियर्स महाविद्यालयात शिकलेले इस्माईल मर्चंट होते. त्यात बटलर स्टीव्हन्सचे वडील वरच्या खोलीत मरण पावतात, तेव्हा खाली लॉर्ड डार्लिंग्टनची आंतरराष्ट्रीय परिषद चालू आहे आणि स्टीव्हन्स पेले भरत राहतो. पुढे मालकाच्या सांगण्यावरून दोन ज्यू दासींना कामावरून काढले जाते, हाऊसकीपर मिस केंटन विरोध करते आणि स्टीव्हन्स हुकूम बजावतो. येथे मालक लंपट नाही, चांगला सभ्य गृहस्थ आहे, आणि तरीही नोकराच्या निष्ठेतून दुष्कृत्य घडते. निष्ठा हीच समस्या असू शकते, हे 'गॉस्फर्ड पार्क'ला सुचत नाही.

साम्राज्याचेही तसेच. मेरेडिथचा बुडता धंदा सुदानशी निगडित आहे, तो बोलण्यात येतो आणि विरून जातो. त्याच काळात भारतातून इंग्रज कुटुंबांबरोबर मुले सांभाळत बोटीने आलेल्या आणि इंग्लंडला पोहोचल्यावर कामावरून मोकळ्या केलेल्या आयांसाठी लंडनच्या हॅकनी भागात आश्रयगृह चालू होते. हवेलीच्या चित्रपटांत ही माणसे कधी ट्रे घेऊनसुद्धा दिसत नाहीत.

मागचीरांग :

उंबरठा यांचा एक मुद्दा मला मान्य आहे आणि एक अजिबात मान्य नाही. पार्श्वकथा मेलोड्रामाच्या वळणाची आहे, यात वाद नाही. परंतु निष्ठा हीच समस्या असू शकते हे या चित्रपटाला सुचत नाही, असे म्हणणे म्हणजे मिसेस विल्सनला न पाहणे आहे.

शेवटाकडे मेरी तिच्या खोलीत येऊन सरळ विचारते, तेव्हा ती आपल्या कृत्याचे स्पष्टीकरण आई म्हणून देत नाही, उत्तम नोकर म्हणून देते. चांगल्या नोकराजवळ एक विशेष देणगी असते, मालकाला भूक लागण्याआधी त्याचे ताट तयार असते, थकवा येण्याआधी अंथरूण घातलेले असते, त्यांना काय हवे ते त्यांच्याआधी आपल्याला कळते, असे ती जवळजवळ अभिमानाने सांगते. पार्क्स हा खून करण्यासाठी आला आहे हे तिने त्याच कौशल्याने ओळखले आणि त्याच्या आधी काम उरकले. आपल्याला स्वतःचे असे आयुष्यच नाही, म्हणून आपण परिपूर्ण नोकर आहोत, असेही ती म्हणते. हेलन मिरेन हे सारे बोलताना आवाज किंचितही चढवत नाहीत. आयुष्यभराच्या चाकरीने त्या बाईकडे एकच हत्यार ठेवले, आणि आपल्या मुलासाठी काही करायची वेळ आली तेव्हा तिला तेच वापरावे लागले. मुलाला मात्र ती कोण आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. स्टीव्हन्स निष्ठेने जे गमावतो ते मोठेच आहे, पण मिसेस विल्सनचे गमावणे त्याहून कमी भरत नाही.

त्यानंतरचा प्रसंग मला मेलोड्रामाच्या आरोपातून चित्रपटाला सोडवणारा वाटतो. मिसेस विल्सन एकटी रडत असते आणि जिच्याशी तिचे वर्षानुवर्षे धड बोलणे नाही ती स्वयंपाकीण मिसेस क्रॉफ्ट, म्हणजे तिची सख्खी बहीण, तिला जवळ घेते. त्या दोघींच्या वैराचे कारणही सर विल्यमच आहे, कारण एकीने मूल दिले आणि दुसरीने नोकरीवर पाणी सोडून ते ठेवले, आणि ते मूल पुढे दगावले.

आयांविषयी उंबरठा यांनी लिहिले ते योग्यच आहे. त्यावर वेगळा धागा निघावा.

संथवाचक :

धन्यवाद. आता पुन्हा पाहणार आहे आणि या वेळी वरच्या बोलण्याकडे कमी लक्ष देणार आहे. जाता जाता एक लहान प्रश्न. डेंटन हा खरा नोकर नसून भूमिकेच्या अभ्यासासाठी नोकराचे सोंग घेतलेला अमेरिकन नट आहे हे उघड झाल्यावर नोकरवर्ग त्याच्यावर इतका का चिडतो? त्याने त्यांचे असे काय बिघडवले होते?

जुनीबखर :

त्याने त्यांच्या पंगतीला बसून त्यांना प्रश्न विचारले होते. तुमच्यापैकी कितीजणांचे आईवडील चाकरीत होते, असे तो टेबलावर सहज विचारतो आणि एकेक हात वर होतो. तो प्रसंग पाहताना वाटते की कोणीतरी प्रथमच त्यांची चौकशी केली. ती चौकशी भूमिकेच्या टिपणासाठी होती हे कळल्यावर ते उत्तर चोरीला गेल्यासारखे होते. शिवाय सोंग उतरल्यावर तो जिना चढून दिवाणखान्यात पाहुणा म्हणून जाऊन बसू शकतो, आणि हे त्या टेबलावरच्या दुसऱ्या कोणालाही जन्मात शक्य नाही. म्हणून फुटमन जॉर्ज, म्हणजे रिचर्ड ई. ग्रँट, दिवाणखान्यात त्याला पेय देताना ते गरम गरम त्याच्या मांडीवर सांडतो आणि चेहरा अतिशय नम्र ठेवतो. वर बसलेल्यांना तो अपघात वाटतो. बटलर जेनिंग्ज तेथे असता तर त्याला तो नक्कीच कळला असता, आणि माझी खात्री आहे की त्यानेही काही म्हटले नसते.